प्रोग्रेसिव्ह प्रेस बसवताना: पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्या नवशिक्यांसाठी

प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे हँडलच्या ओढीगणिक एक काडतूस भरून देणारं हातमशीन, चालवायला फार अक्कल लागत नाही. रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) ठेवायची, बुलेट (पुढची गोळी) ठेवायची, हँडल खाली ओढायचं, वर न्यायचं, पुंगळ्या धरणारी प्लेट फिरवायची, की पुन्हा तेच. अवघड असतं ते मध्येच थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं. प्रायमर (पुंगळीच्या तळातली, ठोक्याने पेटणारी टिकली) अडकला, फोन वाजला, एखादी पुंगळी तिरकी बसली, आणि आता प्लेटवरच्या चारपैकी कोणत्या पुंगळीत पावडर (दारू) पडलीये आणि कोणतीत नाही हे आठवेनासं झालं, की खरा धोका तिथे सुरू होतो. म्हणून पुढची सगळी बसवणी एकाच हिशोबाने सांगितली आहे: मशीन कधीही थांबली तरी प्रत्येक पुंगळीची अवस्था डोळ्यांनी बघता आली पाहिजे. वेग नंतर आपोआप येतो.

आधी कायदा

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला, आणि हा लेखही तिथे राहणाऱ्यांसाठीच आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विकायचा धंदा करायचा असेल तर लागतो. राज्याचे, शहराचे आणि घरमालकाचे नियम वेगळे असू शकतात, ते आपापले बघून घ्यावेत.

आपल्या लोकांसाठी मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यांसारखे काही मोजके अपवाद आहेत. त्यातही खोच अशी की कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सुटे भागही त्यात येतात. म्हणजे घरात पिस्तूल नसलं तरी कायदा मोडायला प्रायमरचा डबा असणं पुरेसं आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. व्हिसावर असाल आणि अपवादात बसतो असं वाटत असेल, तर आधी वकिलाला विचारा. मित्राचं ‘अरे, काही होत नाही’ ऐकून प्रेस मागवू नका.

भारतात हा प्रश्नच येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. पुण्याच्या खडकीत १८६९पासून दारूगोळा कारखाना आहे. आपल्याकडे हे काम अशा कारखान्यांचं, घरच्या गॅरेजचं नव्हे. शिवाय आपल्याकडचे २५ मीटरचे पिस्तूल नेमबाज बहुतांशी .२२ वापरतात, आणि ती पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. तिचा प्रायमर वेगळा नसतो, स्फोटक मसाला थेट कडेच्या घडीत भरलेला असतो.

कोणती प्रेस, कोणतं काडतूस

सिंगल-स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय (पुंगळीला आकार देणारा किंवा बुलेट बसवणारा साचा) बसते, त्यामुळे प्रत्येक पुंगळी चार-पाच वेळा हातातून जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये सगळ्या डाय एकत्र बसलेल्या असतात आणि खालची शेलप्लेट फिरत राहते. प्लेट एकदा भरली की हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

डिलन कंपनीची आरएल ५५० ही चार स्टेशनांची, म्हणजे प्लेटवर पुंगळीच्या चार जागा. तिची प्लेट आपल्याला अंगठ्याने फिरवावी लागते. त्याच कंपनीच्या एक्सएल ७५० ला पाच स्टेशनं आहेत आणि प्लेट आपोआप फिरते. हॉर्नडीची लॉक-एन-लोड एपीही पाच स्टेशनांची आणि आपोआप फिरणारी. पुढे मी ५५० धरून सांगतो. चाळीस वर्षांच्या आसपास हा साचा बाजारात आहे, सुटे भाग मिळतात, आणि हाताने फिरवायची असल्यामुळे माणूस प्रत्येक पायरीला जागा राहतो. तिचा तोटाही तोच: फिरवायला विसरलात तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते.

आधी वर्षभर सिंगल-स्टेजवर काढावं, मगच प्रोग्रेसिव्हला हात लावावा, असा जुन्या मंडळींचा आग्रह असतो. तो मला पूर्ण पटत नाही. पण त्यामागचं कारण खरं आहे, आणि त्याची सोय अशी: पहिली पन्नास काडतुसं प्रोग्रेसिव्हवरच, पण प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी ठेवून काढायची. चार स्टेशनांवर ती एकटी फिरू द्या. प्रत्येक डाय नेमकं काय करते ते हाताला तेव्हाच कळतं.

काडतूस म्हणाल तर बहुतेकांचं ९ एमएमच असतं. ही पुंगळी छोटी आणि दाब मोठा, कमाल ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). .४५ एसीपीला तोच आकडा २१,००० आहे. .३८ स्पेशल दाबाला सौम्य, पण फसवं. ते काळ्या दारूच्या काळातलं, म्हणून पोट मोठं. आजची जलद पावडर त्यात तळाशी कुठेतरी पडून राहते, दुप्पट पडली तरी पटकन लक्षात येत नाही. नवशिक्याने ९ एमएम किंवा .४५ पासून सुरुवात करावी. पैसे वाचतील या आशेवर मात्र फार जाऊ नका. ९ एमएममध्ये तयार काडतुसांशी तुलना केली तर फरक थोडाच पडतो, आणि जो पडतो तो जास्त गोळ्या झाडण्यात जातो.

टेबल, उजेड, साठवण

टेबल डगमगलं की हँडलची प्रत्येक ओढ वेगळी, प्रायमर वेगळ्या खोलीवर आणि पावडर कमीजास्त. म्हणून पाऊण इंची प्लायचे दोन थर, खाली टू-बाय-फोरचे पाय, आणि मागची पट्टी भिंतीतल्या लाकडी स्टडला स्क्रूने पक्की. प्रेसचे बोल्ट आरपार घ्या आणि खाली मोठे वॉशर लावा. लाकडी स्क्रूवर भागत नाही, आठवड्यात ढिले होतात. उंची अशी ठेवा की तिसऱ्या स्टेशनवरच्या पुंगळीत मान न वाकवता वरून थेट बघता येईल. हे उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून जमतं, खुर्चीत बसून नाही. प्रेसच्या वरच्या चौकटीखाली छोटी एलईडी पट्टी चिकटवा. खोलीतल्या दिव्याची सावली नेमकी पुंगळीच्या तोंडात पडते, आणि पावडर बघायची असते तिथेच अंधार होतो. शंभर डॉलरच्या कुठल्याही शोभेच्या जोडणीपेक्षा ही पट्टी कामाची.

पावडर आणि प्रायमर त्यांच्या मूळ डब्यांतच ठेवायचे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात धूरविरहित पावडर २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत जायचं तर एक इंच जाड लाकडाची पेटी लागते. प्रायमरची मर्यादा १०,०००. नवशिक्याला एक पौंड पावडर आणि एक हजार प्रायमर भरपूर झाले. एका पौंडात ७,००० ग्रेन (पावडर तोलायचं एकक) असतात, यावरून अंदाज करा. पावडरची लोखंडी घट्ट पेटी करू नका. उघड्यावर पेटलेली पावडर भसकन जळून जाते. कोंडली तर फुटते.

टेबलावर एका वेळी एकच पावडरची बाटली. दुसरी कपाटात, कुलपात. पावडर चुकीची पडण्याला दुसरा कोणताही उपाय इतका सोपा नाही.

आणि शिसं. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, पुंगळ्या घासताना उडणाऱ्या धुळीत ते असतंच. टेबलाजवळ चहा नाही, फराळाचा डबा नाही. काम झालं की थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे काम स्वयंपाकघराला जोडलेल्या खोलीत करूच नका. पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या कोरड्या टंबलरऐवजी पाणी आणि स्टीलच्या बारीक पिना वापरणारा टंबलर घेतला तर धूळच उडत नाही. फक्त पुंगळ्या नीट वाळल्या पाहिजेत, आतून सुद्धा.

पुंगळ्या निवडणं

प्रोग्रेसिव्हमध्ये जे अडकतं त्यातलं निम्मं इथे टळतं. रेंजवरून वेचलेल्या ९ एमएमच्या ढिगात .३८० च्या आणि ९ मिमी मकारोव्हच्या पुंगळ्या असतातच. लांबीने त्या थोड्या आखूड, चाळता चाळता सुटतात. तळाचा शिक्का वाचून वेगळ्या करा. आत टॉर्च मारा. मध्ये एकच भोक असेल तर ठीक. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची, तिच्यात जुना प्रायमर ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन जाऊन मोडते. काही पुंगळ्यांच्या आत खाली पायरीसारखा खांदा दिसतो. त्यामुळे आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. त्या भंगारात. लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमरच्या कडेला घट्ट दाबलेली कडी असते, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर आत जात नाही. चिरडतो किंवा तिरका होतो.

.४५ एसीपीवाल्यांसाठी वेगळी सूचना. या पुंगळ्या आता लार्ज आणि स्मॉल अशा दोन्ही प्रायमरच्या येतात. लार्ज प्रायमर ०.२१० इंच, स्मॉल ०.१७५. लार्जसाठी लावलेल्या मशीनमध्ये एक स्मॉलची पुंगळी शिरली की हँडल मध्येच थटतं, आणि माणूस काय झालं म्हणून आणखी जोर लावतो. जोर लावायचा नाही. हँडल थटलं की थांबायचं, हा नियम आत्ताच डोक्यात बसवून घ्या.

बसवणी: एक एक स्टेशन

सुरुवातीला प्रायमरची नळी रिकामी, पावडरचं भांडं रिकामं. सगळ्या डाय कोरड्याच लावायच्या. डोळ्यांवर गॉगल आत्तापासून.

शेलप्लेट. आपल्या काडतुसाची प्लेट रॅमवर (हँडलने वरखाली होणाऱ्या दांड्यावर) ठेवा. मधला बोल्ट प्लेट फिरेनाशी होईपर्यंत आवळा, मग अगदी किंचित सैल करा. प्लेट हाताने सहज फिरली पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. मग बाजूचा छोटा ॲलन स्क्रू आवळा. पुढे कधी प्लेट काढायची झाली तर आधी हा छोटा स्क्रू ढिला करायचा, नाहीतर मधल्या बोल्टचे आटे जातात. ढिली प्लेट हे प्रायमर कमीजास्त खोल बसण्याचं पहिलं कारण.

पहिलं स्टेशन: साइझिंग (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणं) आणि जुना प्रायमर काढणं. हँडल पूर्ण खाली ओढा म्हणजे रॅम वर येईल. कार्बाइड डाय प्लेटला टेकेपर्यंत खाली घ्या, मग केसभर मागे. कार्बाइडची कडी कठीण असली तरी ठिसूळ असते. प्लेटवर दणादण आपटत राहिली तर तडकते. आता स्टेशनमध्ये एक पुंगळी घाला, रॅम वर घ्या, आणि पुंगळी आत असतानाच लॉकरिंग आवळा. डाय त्यामुळे मध्यावर बसते. हीच रीत प्रत्येक डायला. कार्बाइड डायला तेल लागत नाही असं म्हणतात आणि ते खरं आहे, तरीही ९ एमएमवर हलका फवारा मारला तर हँडल इतकं मऊ चालतं की प्रायमर बसतानाचा सूक्ष्म अडथळाही हाताला जाणवतो.

प्रायमर. ५५० वर हँडल वर आल्यावर पुढे ढकललं की पहिल्याच स्टेशनवर नवा प्रायमर बसतो. इथे हात हेच मोजमाप. प्रायमर तळाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, साधारण ०.००३ ते ०.००५ इंच गेला पाहिजे. तळावरून बोट फिरवा. खळगा लागला पाहिजे, उंचवटा नाही. उंच राहिलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडवतो, आणि पिस्तुलात पहिला ठोका न पेटता वाया जातो. तसा प्रायमर नंतर ठोकून खाली बसवायचा नाही. काडतूस भरून झालं असेल तर कधीच नाही. नळीत १०० प्रायमर मावतात. ते भरताना चेहरा नळीच्या वर आणू नका. एक फुटला तर सगळी ओळ पेटू शकते. नळीभोवतीचं पोलादी आवरण बाजूचा स्फोट अडवतं, आतली दांडी वर उडते.

दुसरं स्टेशन: पावडर. इथे घाई नको. डिलनच्या या रचनेत पावडर डायच्या आत एक नरसाळं असतं. पुंगळी वर जाऊन त्याला भिडली की दोन गोष्टी एकदम होतात. पुंगळीचं तोंड किंचित उघडतं आणि पावडरची पट्टी सरकून एक माप आत पडतं. पुंगळी नसेल तर पावडर पडत नाही, ही मोठी सोय. आधी पावडर न घालता फक्त तोंड उघडणं जुळवा. डाय थोडी थोडी खाली घ्या, दर वेळी पुंगळी काढून तिच्यावर बुलेट ठेवा. बुलेट न पडता सरळ उभी राहिली की बस्स. जास्त उघडलं तर तोंडाला चिरा जातात आणि पुंगळ्या लवकर मरतात.

बाजूची उभी दांडी, स्प्रिंग आणि निळा विंगनट हेही इथेच. रॅम खाली आल्यावर पावडरची पट्टी पूर्ण मागे खेचणं हे त्यांचं काम. विंगनट ढिला असेल तर पट्टी अर्धवट परतते आणि पुढचं माप कमी पडतं. हँडल वर असताना पट्टी पूर्ण परतली आहे ना, हे प्रत्येक वेळी काम सुरू करताना बोटाने दाबून बघा.

आता माप. किती ग्रेन हे इथे मी लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या वहीतलंही घेऊ नका. पावडर बनवणाऱ्या आणि बुलेट बनवणाऱ्या कंपन्या स्वतः तपासलेले तक्ते छापतात, जाळ्यावरही मोफत देतात. त्यातली पावडर, बुलेटचं वजन, बुलेटचा प्रकार आणि काडतुसाची लांबी या चारही गोष्टी आपल्याशी जुळल्या पाहिजेत. तांब्याच्या आवरणाची बुलेट आणि साध्या शिशाची बुलेट एकाच वजनाची असली तरी माप एक नसतं. सुरुवात तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून, वरच्यापासून नाही.

पावडर निवडताना नवशिक्याने एकच कसोटी लावावी: एक माप पुंगळीच्या अर्ध्याहून जास्त जागा भरतं का? भरत असेल तर चुकून दोनदा पडलं तरी ओसंडून टेबलभर सांडतं, आणि लपत नाही. टाइटग्रुपसारखी कमी जागा घेणारी जलद पावडर उत्तम आहे, किफायतशीर आहे, पण दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते. ती अनुभवी हातांसाठी ठेवा.

वजनकाटा चेक-वेटने (ठाऊक वजनाच्या मापाने) तपासून घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या झोताने आणि शेजारच्या मोबाइलनेही भरकटतो. भांड्यात पावडर भरल्यावर ती डब्यात ठोकून बसवलेल्या रव्यासारखी हळूहळू खाली बसते, म्हणून पहिली काही मापं परत भांड्यात टाका. मग दहा मापं एकत्र वाटीत घेऊन वजन करा आणि दहाने भागा. त्यानंतर पाच मापं सुटी सुटी तोला. सरासरी बरोबर असूनही एखादं माप वरखाली जात असेल, तर सरासरीला अर्थ नाही. काटा आणि तक्ता जुळेपर्यंत पट्टीवरचा बोल्ट थोडा थोडा फिरवा, आणि प्रत्येक फिरवणीनंतर पुन्हा काही मापं वाया घालवा.

तिसरं स्टेशन: बुलेट बसवणं. पुंगळी इथे आली की आधी आत बघायचं, मग बुलेट ठेवायची. दर वेळी. पावडरची पातळी नेहमीसारखी दिसते का, एवढाच प्रश्न. मग हळूहळू डाय खाली घेत लांबी जुळवा. ९ एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच, पण आपलं उद्दिष्ट तक्त्यात त्या बुलेटसाठी दिलेली लांबी. व्हर्निअरने मोजा. बुलेट गरजेपेक्षा खोल बसली की आतली जागा कमी होते, आणि ९ एमएमच्या छोट्या पुंगळीत दाब भराभर चढतो.

चौथं स्टेशन: क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटभोवती दाबणं. पिस्तुलाच्या काडतुसाला टेपर क्रिम्प द्यायचा. रोल क्रिम्प रिव्हॉल्व्हरसाठी. ९ एमएम चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणून कड आत वळवून नाहीशी करायची नसते. आधी उघडलेलं तोंड फक्त सरळ करायचं. तोंडाशी माप ०.३८० इंचाच्या वर जाता कामा नये. बहुतेक जण ०.३७८ च्या आसपास थांबतात. एक बुलेट काढून बघा. तिच्या अंगावर खोल वळ दिसला तर क्रिम्प जास्त झाला आहे.

पहिलं काडतूस तपासणं

पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, नळी बाहेर काढा आणि काडतूस तिच्या चेंबरमध्ये सोडा. ‘टक्’ असा आवाज येऊन ते तळाला टेकलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे, आणि नळी उलटी केल्यावर आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे. टेकलं पण फिरत नसेल तर बुलेट नळीच्या खाचांना भिडतेय. टेकतच नसेल तर क्रिम्प किंवा साइझिंगकडे बघा. त्यानंतर काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून लांबी पुन्हा मोजा. बुलेट आत सरकली तर पुंगळीची पकड ढिली आहे, आणि पिस्तुलाने आत ओढताना ती आणखी सरकेल.

प्रत्येकाच्या पिस्तुलाची नळी वेगळी. मित्राच्या नळीत बसलं म्हणून तुमच्यात बसेल असं नाही.

थांबलात तर

मशीन कशानेही थांबली तरी रीत एकच. हँडल वर, हात बाजूला. कारण शोधायला लागण्यापूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनवरच्या पुंगळ्या प्लेटवरून काढा. पावडर असेल तर भांड्यात परत ओता आणि त्या रिकाम्या पुंगळ्या बाजूच्या वाटीत टाका. त्या वाटीतलं काही आज पुन्हा मशीनवर चढवायचं नाही, सगळं शेवटी एकत्र तपासायचं. मग अडलेलं काढा. यात दोन-तीन पुंगळ्यांचा वेळ जातो, एवढंच.

माणूस याच्या नेमका उलट वागतो. अडकलेला प्रायमर काढतो, हँडल दोनदा अर्धवट ओढून बघतो, ‘हं, आता झालं’ म्हणतो आणि पुढे सुरू करतो. त्या दोन अर्धवट ओढींत दुसऱ्या स्टेशनवर काय झालं हे त्याला सांगता येत नाही.

फोनही याच खात्यात. कुणी बोलावलं तर चालू ओढ पूर्ण करा, प्लेट फिरवा, सगळ्यांत बघा, मगच उठा. जेवायला उठणार असाल तर प्लेट पूर्ण रिकामी करून उठा. ७५० सारख्या पाच स्टेशनांच्या प्रेसवर पावडर पडल्यानंतरच्या स्टेशनवर पातळी तपासणारं उपकरण लावता येतं, पातळी चुकली की ते वाजतं. ते जरूर लावा. पण ते बघतं म्हणून स्वतः बघायचं सोडू नका.

सांडलेली पावडर लगेच ब्रशने झाडा. ती प्लेटखाली आणि प्रायमरच्या कपात शिरली की पुढचे प्रायमर उंच बसायला लागतात, आणि आपण उगाच प्लेटचा बोल्ट आवळत बसतो.

रेंजवर

पहिल्या खेपेला दहाच काडतुसं न्या, आणि मॅगझिनमध्ये एका वेळी एकच भरा. बार नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, पुंगळी आळसावल्यासारखी बाहेर पडली, तर ताबडतोब थांबा. पावडर नसलेल्या काडतुसात प्रायमर एकटा बुलेटला नळीत ढकलतो आणि ती मध्येच अडकते. त्यावर पुढची गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करा, नळी काढा, उजेडाकडे धरून आरपार बघा. पलीकडचं दिसलं तरच पुढे. शेजारच्या लेनवरचा माणूस रॅपिड फायर करत असताना हा फरक ऐकू येत नाही, म्हणून पहिली चाचणी गर्दीच्या दिवशी नको.

क्रोनोग्राफ असेल तर वेग मोजा. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या सामन्यात ९ एमएमला मायनर गटासाठी पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो: बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १,०००. १४७ ग्रेनची बुलेट ८७० च्या वेगाने गेली तर १२७.९ येतात. काठावर राहू नका. थंडीत आणि उन्हाळ्यात वेग बदलतो, आणि सामन्याचा क्रोनोग्राफ तुमचा नसतो.

डब्यावर चिठ्ठी हवीच: तारीख, बुलेट, पावडर आणि तिचं माप, प्रायमर, लांबी. चिठ्ठी नसलेला डबा सापडला तर त्यातली काडतुसं झाडायची नाहीत, बुलेट ओढून सुटी करायची. त्यासाठी हातोड्यासारखा पुलर मिळतो, वीस-पंचवीस डॉलरला. आणि आपली काडतुसं दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याची घेऊ नका, भावाची सुद्धा.

काम संपलं की भांड्यातली पावडर त्याच बाटलीत परत ओता, तोंडातली शेवटची कणी निघेपर्यंत हँडल काही वेळा चालवा, आणि बाटली कपाटात गेल्यावरच दुसरं काही आवरायला घ्या. रात्रभर भांड्यात राहिलेली पावडर प्लास्टिकला डाग पाडते हा भाग वेगळा. आठवड्याने परत आल्यावर भांड्यातली ती करडी पावडर कोणती, हे बघून ओळखता येत नाही. अशी पावडर भांड्यात सापडलीच तर वापरू नका. बाहेर मोकळ्या जमिनीवर पातळ पसरून, रेंजच्या किंवा गावच्या अग्निशमन खात्याच्या नियमाप्रमाणे जाळून टाका.